मंडळाचे संगणकीय घर

दिल्लीतील पहाडगंज भागाशी मराठी माणसांचे जिव्हाळ्याचे नाते आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या या भागात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना अशा संस्था एकत्र आणतात. तथापि महानगरात लहानशा मंडळाचे सभासदही दूरदूर विखुरलेले असतात. गणेशोत्सवाच्या सूचना, वर्गणीचा हिशेब, जुनी छायाचित्रे आणि आपसातील चर्चा यांसाठी आता इंटरनेटचा आधार घ्यावा लागतो. हे सारे ठेवण्यासाठी जागा कोणती निवडावी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

बहुतेक मंडळे एखाद्या मोठ्या कंपनीची विनामूल्य सेवा वापरतात. ती सोपी असते. परंतु तेथे जागा कंपनीची आणि नियमही कंपनीचेच असतात. ऑर्कुटचे उदाहरण पाहा. गूगलने २००४ साली सुरू केलेल्या या सेवेवर भारतीयांचे असंख्य समूह नांदत होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ती बंद करण्यात आली. समूहांतील सार्वजनिक चर्चा काही काळ वाचण्यासाठी ठेवल्या गेल्या. पुढे त्याही काढून टाकण्यात आल्या. भाड्याचे घर मालकाने सांगताच रिकामे करावे लागते, तसेच हे झाले.

यावरील एक पर्याय म्हणजे विकेंद्रित सॉफ्टवेअर. त्याचे तत्त्व टपालाच्या उदाहरणाने समजते. भारत आणि नेपाळ यांची टपाल खाती स्वतंत्र आहेत. तरीही एका देशातील पत्र दुसऱ्या देशात पोहोचते, कारण दोन्ही खाती ठरलेले नियम पाळतात. ई-मेलचेही तसेच आहे. विकेंद्रित व्यवस्थेत प्रत्येक समूहाचा स्वतःचा सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालू राहून माहिती पुरवणारा संगणक, असू शकतो. समान नियमांमुळे हे सर्व्हर एकमेकांशी संवाद साधतात. जर्मनीतील ऑयगेन रोखको यांनी २०१६ साली सुरू केलेले मॅस्टोडॉन हे असेच सॉफ्टवेअर होय. ते ॲक्टिव्हिटीपब नावाचे जे नियम पाळते, त्यांना जानेवारी २०१८ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्यता मिळाली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले, तेव्हा अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले होते.

असे सॉफ्टवेअर निवडताना चार गोष्टी पारखून घ्याव्यात. त्याचा स्रोत, म्हणजे ज्या आज्ञांनी ते चालते त्या, सर्वांसाठी खुल्या आहेत काय? आपली सर्व माहिती हवी तेव्हा उतरवून घेता येते काय? इतर सर्व्हरांशी त्याचा संवाद होतो काय? आणि ज्येष्ठ सभासदांनाही ते सहज वापरता येईल काय?

मात्र स्वतःचे घर म्हटले की डागडुजीही आलीच. सर्व्हरचे भाडे दरमहा भरावे लागते. सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते आणि माहितीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी जपावी लागते. मॅस्टोडॉनवर खाते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येते. परंतु जुने लेखन त्याच्यासोबत जात नाही. शिवाय सर्व्हर चालवणाऱ्या व्यक्तीला सभासदांचे खाजगी संदेश पाहणे शक्य असते. त्यामुळे ती व्यक्ती विश्वासू असावी. तसेच सर्व्हरचा पासवर्ड किमान दोन जबाबदार सभासदांकडे असावा. एकुलता एक जाणकार गाव सोडून गेला आणि सर्व्हर बंद पडला, तर ऑर्कुटच्या समूहांचे जे झाले तेच या मंडळाचेही होईल.

म्हणून ज्या मंडळाकडे हे काम नियमाने करणारी माणसे आहेत, त्याने स्वतःचा सर्व्हर अवश्य चालवावा. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याने दुसऱ्या एखाद्या विश्वासार्ह संस्थेच्या सर्व्हरवर जागा घ्यावी. दोन्ही परिस्थितींत सभासदांची यादी, हिशेब आणि छायाचित्रे यांची एक प्रत मंडळाच्या स्वतःच्या ताब्यात असलीच पाहिजे.