एकाच नावाचे दोन कुत्रे

ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, रशिया म्हणजे ऋषीय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका. हे ढकलपत्र व्हॉट्सॲपवर अधूनमधून उगवतंच. एका वाचकाने ते पाठवून ‘यात तथ्य किती?’ असं विचारलंय. ऑस्ट्रेलियापुरतं उत्तर सोपं आहे: लॅटिनमध्ये ‘ऑस्ट्रालिस’ म्हणजे दक्षिणेकडचा. पण त्याच ऑस्ट्रेलियातला एक किस्सा मला या उत्तराहून जास्त आवडतो.

१९६०च्या दशकात रॉबर्ट डिक्सन हा तरुण भाषाशास्त्रज्ञ उत्तर क्वीन्सलँडमध्ये म्बाबारम ही मरणपंथाला लागलेली भाषा नोंदवत होता. ती येणारे अल्बर्ट बेनेट नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्याला मोठ्या मिनतवारीने सापडले. कुत्र्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, याचं उत्तर त्यांनी दिलं: ‘डॉग’. डिक्सनचा चेहरा पडला. म्हाताऱ्याला आता इंग्रजीच आठवतंय, असं त्याला वाटलं असणार. पण शब्द अस्सल म्बाबारम होता. शेजारच्या यिदिन भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. म्बाबारममध्ये ‘ग’ने सुरू होणाऱ्या शब्दांत दुसऱ्या अक्षरातल्या ‘आ’चा ‘ओ’ झाला, मग शब्दाचा आरंभ झडला, शेवटचा स्वरही गळाला. गुडागा, गुडोगा, डोगा, डॉग. गंमत अशी, की म्बाबारम ‘डॉग’ची अशी वंशावळ मांडता येते, इंग्रजी ‘डॉग’ कुठून आला हे मात्र आजही कुणाला खात्रीने सांगता आलेलं नाही.

असे योगायोग दुर्मीळ वाटतात, पण गणित वेगळं सांगतं. समजा, एका भाषेत २० व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीचे त्यात फक्त २००० शब्द होऊ शकतात. दोन भाषांतल्या १०० नेहमीच्या वस्तूंची नावं अशाच आखूड शब्दांची असली आणि सगळे शब्द सारखेच संभाव्य धरले, तर एखादी जोडी तंतोतंत जुळण्याची शक्यता साधारण विसात एक. जगात सुमारे ७००० भाषा आहेत, म्हणजे भाषांच्या जोड्या जवळजवळ अडीच कोटी! त्यात ‘ब’ आणि ‘प’ एकच धरा, ‘देव’ आणि ‘आकाश’ अर्थाने जवळचे माना, की हवी तेवढी साम्यं पदरात पडतात. ढकलपत्रवाले नेमकं हेच करतात. आडनाव पाटील आहे म्हणून सगळेच भाऊबंद नसतात.

आपल्या ‘बदनाम’मधला ‘बद’ फारसीतून आला. इराणी माणूस तो जवळजवळ इंग्रजी ‘बॅड’सारखा उच्चारतो, अर्थही तोच. तरी दोघांचं नातं नाही: फारसी शब्दाचं जुनं रूप ‘वद’ होतं, म्हणजे मागे जावं तसं साम्य विरत जातं. खऱ्या नात्यात सहसा उलट घडतं. मामा-पापाच्या जातीचे शब्द मात्र निव्वळ योगायोगाचे नाहीत. बाळाच्या ओठांना सोपे असतात तेच ध्वनी मोठी माणसं आईबापांना वाटून देतात, असं भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसनने दाखवलं. वाटणी कशी व्हावी याला नियम नाही. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपल्याकडे मामा आईचा भाऊ.

मग नातं ओळखायचं कशावरून? कानाला सारखं वाटण्यावरून नाही, तर फरकातल्या शिस्तीवरून. आपलं ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत ऐकायला काहीच समान नाही, तरी दोन्ही एकाच मूळ शब्दापासून निघाले. आर्मेनियनमध्ये दोनला ‘एर्कु’ म्हणतात. तोही आपल्या ‘दोन’चा सख्खा नातलग, कारण मूळ ‘द्व’च्या जागी तिथे इतरही शब्दांत ‘एर्क’ येतं.

आपल्या आणि युरोपातल्या भाषांमध्ये असं नातं आहे, या शोधाचं श्रेय पाठ्यपुस्तकं विल्यम जोन्सच्या १७८६च्या कोलकात्यातल्या भाषणाला देतात. भाषण थोरच होतं. पण त्याच्या दोन शतकं आधी, १५८३ साली, गोव्यातून एका इंग्रज पाद्र्याने भावाला लिहिलं होतं, की इथल्या भाषांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. हा थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपला क्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स. त्याच दशकात फिलिप्पो सासेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोची-गोव्यात होता. त्याने संस्कृत आणि इटालियनमधले सहापासून नऊपर्यंतचे आकडे शेजारी मांडले: सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे. एकाने व्याकरण पाहिलं, दुसऱ्याने आकड्यांची सलग ओळ. सुटा आखूड शब्द हाती धरून कुणी आरोळी ठोकली नाही. जोन्सचा पुतळा लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उभा आहे. स्टीफन्सचं नाव मराठीच्या अभ्यासक्रमात येतं ते ओव्यांसाठी. त्या पत्रासाठीही यायला हवं.