एका ‘हो’पायी

ओकलंडच्या आमच्या घरी साफसफाईला येणारी ग्वाटेमालाची बाई स्पॅनिश बोलते, असे मी दोन वर्षे धरून चालले होते. २०१९ साली तिच्या तारखेला सोबत म्हणून स्थलांतर न्यायालयात गेले, तेव्हा कळले की तिची मातृभाषा माम. ग्वाटेमालातल्या बावीस माया भाषांपैकी एक. स्पॅनिशशी तिचे काडीचेही नाते नाही.

सीमेवर पकडल्यावर तिला ठेवले त्या गारठलेल्या कोठडीला सगळे ‘हिएलेरा’, म्हणजे बर्फाची पेटी म्हणतात. तिथे अधिकाऱ्याने विचारले, ‘स्पॅनिश समजते ना?’ गणवेशातल्या माणसाला ‘नाही’ कसे म्हणायचे? ती ‘हो’ म्हणाली. कागदावर तशी नोंद झाली आणि पुढची सारी चौकशी त्याच भाषेत उरकली. बाजारापुरत्या स्पॅनिशमध्ये तिने जिवाची भीती सांगितली. तारखा चुकल्या, नाती उलटसुलट झाली.

न्यायालयात तोच कागद पुढे आला. ‘तेव्हा एक सांगितले, आज दुसरे. खरे कोणते?’ सरकारी वकिलाचा प्रश्न इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, तिथून माममध्ये गेला. उत्तर त्याच वाटेने परत आले. ती बराच वेळ बोलली. न्यायाधीशांपर्यंत दोन वाक्ये पोहोचली.

हे न्यायाधीश न्यायखात्याचे नोकर असतात, स्वतंत्र न्यायसंस्थेचे नव्हेत. प्रकरण दिवाणी मानतात, म्हणून सरकार वकील देत नाही. ज्याचा त्याने शोधायचा. तिला एका संस्थेने मिळवून दिला, हे तिचे नशीब.

सगळ्यांचे नशीब तेवढे नसते. डिसेंबर २०१८ मध्ये सात वर्षांची एक माया मुलगी सीमेवर पकडल्यानंतर दोनच दिवसांत वारली. तिच्या वडिलांची भाषा केक्ची. मुलीची प्रकृती ठीक असल्याच्या कागदावर त्यांची सही होती. कागद इंग्रजीत होता.

त्या दिवशी निकाल लागला नाही, पुढची तारीख मिळाली. वकिलाने मात्र भाषेच्या रकान्यात ‘माम’ लिहून घेतले. परतताना मी तिला विचारले, ‘तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?’ ती चमकून माझ्याकडे बघतच राहिली. मग हसून म्हणाली, ‘आ.’

दोन वर्षे ती माझ्या घरात वावरत होती. हा प्रश्न मी तोवर कधी विचारलाच नव्हता. मग त्या अधिकाऱ्याला तरी कोणत्या तोंडाने नावे ठेवू?