ल्युपस आणि रक्तक्षय : एका निदानाचा प्रश्न

बाईच्या अंगात रक्त नसणे हा जणू तिचा स्वभावच आहे, असे आपल्या समाजाने धरून चालले आहे. ती थकते, तिला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, ‘बाईमाणसाचं असंच असतं.’ दवाखाना रक्तवाढीच्या गोळ्या देतो आणि प्रश्न मिटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिथे निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी, तिथे एखादीचे रक्त निराळ्याच कारणाने कमी होत आहे हे कोणाच्या ध्यानी येणार?

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. गरीब वस्तीतून येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा एकच शब्द असतो : हिमोग्लोबिन. तो आकडा रक्त किती आहे ते सांगतो. का कमी आहे ते सांगत नाही. हा फरक समजण्यासाठी मी ल्युपस हा रोग घेतो, कारण रक्त कमी होण्याच्या अनेक वाटा ह्या एकाच रोगात एकत्र येतात.

आपली प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढण्यासाठी असते. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच शरीराला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, उन्हाने त्वचेवर चट्टे उठतात, केस गळतात, तोंडात फोड येतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक ऐन उमेदीच्या. ह्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना केव्हा ना केव्हा रक्तक्षय होतो.

पहिली वाट दीर्घकाळ चाललेल्या दाहाची. दाह वाढला की यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ जास्त सोडते. त्यामुळे आतड्यातून लोह शोषले जात नाही आणि पेशींत साठलेले लोहही बाहेर पडत नाही. कोठार भरलेले, पण दाराला कुलूप! अशा वेळी नुसत्या गोळ्यांनी रक्त फारसे वाढत नाही. दाह आटोक्यात आणणे हाच खरा उपाय.

दुसरी वाट खऱ्या लोहकमतरतेची. पाळीत जास्त रक्त जाते, सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरातून रक्त झिरपते, ताटात पुरेसे अन्न नसते. इथे लोहाच्या गोळ्या हव्यातच. पण दोन्ही वाटा एकाच बाईत असू शकतात. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दाहामुळेही वाढते; म्हणून त्याचा आकडा ठीक दिसला तरी लोह पुरेसे आहे असे म्हणता येत नाही.

तिसरी वाट अधिक धोक्याची. सुमारे दहातल्या एका रुग्णात प्रतिपिंडे तांबड्या पेशींनाच चिकटतात आणि प्लीहा त्यांचा नाश करते. १२० दिवस जगणारी पेशी थोड्याच दिवसांत मरते. डोळे पिवळे होतात. लोक कावीळ समजून झाडपाल्याकडे वळतात आणि मोलाचे दिवस जातात. हा प्रकार ओळखण्यासाठी १९४५ मध्ये रॉबिन कूम्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कूम्ब्स चाचणी आजही वापरतात. त्यावर उपचार स्टेरॉइडसारख्या औषधांचा आहे.

आणखी दोन कारणे. रक्तपेशी घडवण्याचा निरोप अस्थिमज्जेला देणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडात तयार होते. ल्युपसने मूत्रपिंड बिघडले की तो निरोप थांबतो. अ‍ॅझाथायोप्रिन, सायक्लोफॉस्फमाइड यांसारखी ल्युपसवरची औषधेही मज्जेचे काम मंदावू शकतात. म्हणून कोणी औषध आपल्या मनाने बंद करू नये. रक्ताची तपासणी मात्र नियमित करून घ्यावी.

‘का’ विचारल्याने काय घडते, याचा पुरावा मुंबईतच आहे. १९२८ नंतर लूसी विल्स ह्या संशोधिकेने इथल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय अभ्यासला. त्या काय खातात, कशा राहतात हे तिने पाहिले. यीस्टच्या अर्काने त्यांचे रक्त सुधारते हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज जगभर गरोदर स्त्रियांना ती गोळी मिळते, तिच्या मुळाशी ह्या कष्टकरी बायकांचे रक्त आहे.

रक्तवाढीच्या गोळ्या वाईट, असे मी म्हणत नाही; त्यांनी असंख्य स्त्रियांना उभे केले आहे. पण दोन-तीन महिने त्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि सोबत सांधेदुखी, ताप, चट्टे असतील, तर कार्यकर्त्यांनी त्या बाईबरोबर सरकारी रुग्णालयात जावे. संपूर्ण रक्तगणना, कूम्ब्स चाचणी, लघवीतील प्रथिने आणि ल्युपसची ए.एन.ए. तपासणी गरजेची आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. डोळे पिवळे झाले असतील तर दोन महिने थांबूच नये. ‘अशक्तपणा आहे’ हे उत्तर घेऊन परतू नये. अशक्तपणा कशाने आला, हे कळणे तिचा हक्क आहे.