पाहुणा आलाय? मग नाटकाला न्या!

दिवाळीच्या सुटीत होस्टेलवरचे मित्र 'तुझ्या गावाला येतो' म्हणाले की आपल्याला पहिलं टेन्शन येतं, यांना दाखवायचं काय? अड्याळच्या पोरापोरींची यादी साधारण ठरलेली असते. पवनी, गोसीखुर्दचं धरण, तिथले फोटो, आणि रात्री घरी बसून मोबाईल. पाहुणा फारच खास असेल तर गाडी थेट नागपूरला, मॉलमध्ये. म्हणजे जे त्याच्या शहरात रोज आहे तेच त्याला पुन्हा दाखवायचं. आणि रात्री शेजारच्या गावात नाटक आहे, हे मात्र सांगायचं नाही. का? तर 'आमच्याकडची नाटकं जरा गावठी असतात.' हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असालच.

आता गंमत बघा. झाडीपट्टीचं नाटक वाढलं तेच मुळी पाहुण्यांमुळे. जुनी माणसं सांगतात, धान निघालं की गावात शंकरपट भरायचा. लांबलांबून लोक बैलजोड्या घेऊन यायचे, सोयरेधायरे यायचे, आणि मुक्काम पडायचा. एवढ्या माणसांची रात्र कशी काढायची? त्यातून गावातल्याच मंडळींनी नाटक उभं करायला सुरुवात केली. त्याआधी दंडार, खडीगंमत होतीच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे पट थांबले, 2021 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा परवानगी मिळाली. पण पट थांबले म्हणून नाटक काही थांबलं नाही. आजही कित्येक घरांत नाटकाच्या निमित्तानं पाहुणे बोलावतात आणि सकाळच्या चहावर लग्नाच्या गोष्टी निघतात.

भाऊबीजेनंतर मंडईपासून सुरू होणारा हा हंगाम जवळजवळ होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सगळीकडे. कंपन्यांचा अड्डा गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, शामियाना उभा राहतो, तिकिटं निघतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्या 5,000 प्रयोगांचे आणि 800 भूमिकांचे आकडे देशभर छापून आले. आपल्यातल्या किती जणांनी ती बातमी शेवटपर्यंत वाचली?

पण पाहुण्याला न्यायचं म्हणजे दिसेल त्या शामियानात नेऊन बसवायचं नाही. सगळीच नाटकं चांगली नसतात, हे खरंच आहे. काही नुसती रडारड असते, काहींत विनोद इतका पाणचट की आपणच मान खाली घालतो. पटाच्या दिवशी तर एकाच गावात दोन-तीन नाटकं असतात, त्यामुळे निवड करावीच लागते. बॅनरवर मुंबईच्या सिरियलमधला चेहरा मोठा दिसला म्हणून तिकडे धावू नका. तो चेहरा कधीकधी दोन प्रवेशांपुरता येतो. त्याखालची बारीक अक्षरं वाचा: लेखक कोण, दिग्दर्शक कोण, संगीत कोणाचं. झाडीपट्टीचं नाटक गाण्यावर उभं असतं, नट स्वतः गातात. पेटी-तबल्याची जोडी पक्की असेल तर कथा थोडी लंगडी असली तरी रात्र निघून जाते.

आणि सगळ्यात भरवशाचा रिव्ह्यू म्हणजे आपली नातेवाईक मंडळी. एकच नाटक आज या गावात, उद्या त्या गावात लागतं. लाखांदूरच्या मावसभावाला फोन लावा, साकोलीच्या आत्याला विचारा. 'काऊन गा, कसा हाये नाटक?' एवढ्यात काम होतं. आत्या म्हणाली 'लय रडली मी', तर समजा नाटक जमलंय. फक्त 'हंगामा' किंवा रेकॉर्डिंग डान्स वेगळा आणि नाटक वेगळं, हे तिकीट काढण्याआधी नीट बघून घ्या. सोबत मैत्रिणी असतील तर घरच्या बायकांच्या घोळक्यात जागा धरा. तिथे बसायलाही बरं आणि सगळ्यात धारदार कॉमेंट्रीही तिथेच ऐकू येते.

पाहुण्याला आधी थोडं सांगून ठेवा. जाहिरातीत दहा लिहिलेलं असतं, पडदा उघडायला अकरा होतात, सुटायला पहाटेचे चार. कलाकारांना तालमी फार मिळत नाहीत, त्यामुळे विंगेतला प्रॉम्प्टर जवळपास अख्खं नाटक बोलत असतो. पुढे बसलात तर तोही ऐकू येईल. हसू नका, त्याच्या आवाजावर नट कसा स्वार होतो ते बघा. वरून टांगलेल्या माईकखाली येऊन वाक्य फेकायचं, मागे रंगवलेला पडदा, थंडीत कुडकुडणारं पब्लिक, आणि मध्येच एखाद्या वाक्याला हजार माणसं एकदम गप्प. विषय आपल्याच घरातले असतात: दारू, हुंडा, कर्जात बुडालेला बाप. शहरातल्या मित्राला बोलीतला एखादा शब्द अडला तर कानात सांगा. सगळं सांगत बसू नका, त्याला कळतं.

तुमच्या तिकिटाला वजन आहे, हेही लक्षात असू द्या. गावातलं मंडळ खिशातून पैसे गुंतवतं. शामियाना रिकामा राहिला तर तोटा तुमच्याच चुलत्याचा, दुकानदाराचा, शाळेतल्या गुरुजींचा. कलाकारांची कमाईही याच चार-पाच महिन्यांची. बाकी वर्षभर त्यांतले कित्येक शेतावर किंवा मजुरीवर असतात. कॉलेजची पोरं फुकटात कनातीबाहेर उभी राहून ऐकतात आणि मोबाईलवर व्हिडिओ काढतात, ते पाहून मंडळवाले नुसते बघत राहतात.

तिकिटं खुर्चीची काढायची की खालची? पाहुण्यासाठी खालची. खुर्चीवर माणूस परका राहतो. खाली ताडपत्रीवर घोंगडी अंथरा, एक ब्लँकेट जास्तीचं घ्या, कानटोपी विसरू नका. मध्यंतरात गरम भजे आणि चहा. परतीची एसटी मिळणार नाही, तेव्हा गाडीची सोय आधीच करा आणि धुक्यात हळू चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याला धरणावर न्यायचा बेत मात्र रद्द करा. तो दुपारपर्यंत उठत नाही.