वैमानिकाचे पंचांग

१ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान तेथील लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ जीव हकनाक गेले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने असे जाहीर केले की, लष्करासाठी उभारली जात असलेली जीपीएस ही उपग्रहव्यवस्था सिद्ध होताच नागरी विमानांनाही ती विनामूल्य खुली राहील. ते वचन पाळले गेले. नागरी संकेतांत बुद्ध्याच ठेवलेली अचूकतेची उणीवही मे २००० मध्ये दूर करण्यात आली. आणि आज वीस हजार किलोमीटरांहून अधिक उंचीवरून येणारे ते संकेत ग्रहण करण्यासाठी कोणालाही एक छदाम मोजावा लागत नाही. असे असताना, चार आसनांचे एखादे जुने सेसना किंवा पायपर विमान हौसेने बाळगणारा अमेरिकन गृहस्थ त्याच जीपीएस यंत्रापायी दरसाल काही शे डॉलर का खर्ची घालतो, आणि हा खर्च आटोक्यात ठेवण्याचे प्रामाणिक मार्ग कोणते, हे दोन्ही प्रश्न विमानाशी ज्यांचा तिकिटापुरताच संबंध येतो अशा वाचकांनीही समजून घेण्याजोगे आहेत.

उपग्रह विमानाला त्याचे स्थान सांगतो. पण त्या स्थानाचा अर्थ सांगत नाही. खाली धावपट्टी आहे की डोंगर, तिच्याकडे कोणत्या दिशेने आणि किती उंचीवरून उतरत जावे, नियंत्रकाशी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलावे, पुढचे आकाश खुले आहे की निषिद्ध, हे सारे विमानाच्या यंत्रात साठवलेल्या माहितीकोशातून, म्हणजे नेव्हिगेशन डेटाबेसमधून कळते. आणि ज्याप्रमाणे गेल्या वर्षीच्या पंचांगावरून यंदाचा मुहूर्त काढता येत नाही, त्याचप्रमाणे मुदत सरलेल्या कोशावरून आजचे उड्डाण निर्धास्तपणे करता येत नाही. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव हळूहळू सरकत असल्यामुळे, चुंबकीय दिशेवरून ठरणारे धावपट्ट्यांचे क्रमांकसुद्धा कायम राहत नाहीत: लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची ०५-२३ ही धावपट्टी २००९ मध्ये ०४-२२ झाली, तर फ्लोरिडातील टॅम्पा येथे २०११ मध्ये १८ चे १९ करावे लागले. गोव्यात मोपा येथील विमानतळावर ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली; त्यापूर्वीचा जुना कोश ज्या यंत्रात राहिला असेल, त्याच्या लेखी गोव्यात आजही एकटे दाबोळीच आहे.

हे बदल ज्याला जसे सुचेल तसे जाहीर झाले तर एकाच आकाशात दोन विमाने दोन निरनिराळ्या नकाशांवर विसंबून उडतील, या भीतीने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९६४ मध्ये ‘एराक’ नावाची पद्धत जारी केली. तिच्यानुसार महत्त्वाचे बदल जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारीच अंमलात येतात आणि त्यांची वर्दी संबंधितांच्या हाती त्यापूर्वी निदान २८ दिवस पोहोचावी अशी अपेक्षा असते. वर्षातून सामान्यतः अशी तेरा आवर्तने होतात. २०२० मध्ये ती चौदा झाली. म्हणजे वैमानिकाचे हे पंचांग वर्षाकाठी तेरा वेळा बदलते, आणि खर्चाचे मूळ प्रथम या तेरा आवृत्त्यांत आहे.

दुसरे मूळ अधिक जुने आहे. टपालाची विमाने चालवणारे एल्री जेपसेन हे अमेरिकन वैमानिक दहा सेंटांच्या एका वहीत धावपट्ट्यांची लांबी, त्यांचा उतार, आसपासचे अडथळे, इतकेच नव्हे तर हवामानाची विचारपूस करण्यासाठी शेतकऱ्यांचे दूरध्वनी क्रमांकही टिपून ठेवीत. सहकाऱ्यांकडून मागणी वाढली तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी ही टिपणे छापून दहा डॉलरला विकण्यास आरंभ केला, आणि त्या वहीतून या क्षेत्रातील एक अग्रगण्य कंपनी उदयास आली. डोंगराची उंची ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. जेपसेन यांना लोक पैसे देत ते ती उंची जातीने तपासून, निर्दोषपणे उतरवून, वेळेवर हाती देण्याच्या श्रमांबद्दल.

आज ते तपासणीचे काम बव्हंशी सरकारी दफ्तरात होते. अमेरिकेचे विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, आपल्या हद्दीतील उड्डाणपद्धतींची सांकेतिक माहिती ‘एरिंक ४२४’ या सर्वमान्य नमुन्यात दर २८ दिवसांनी विनामूल्य उपलब्ध करून देते. नकाशेही फुकट मिळतात. परंतु विमानाच्या फलकावर बसवलेले प्रमाणित यंत्र ही माहिती जशीच्या तशी स्वीकारत नाही. ती त्या त्या यंत्राच्या भाषेत उतरवावी लागते, उतरवताना एकही अक्षर बदललेले नाही याची गणिती पडताळणी करावी लागते, आणि हे काम करणाऱ्या कंपनीला आपली कार्यपद्धती शासनाकडून मान्य करून घ्यावी लागते. शेवटी तयार झालेला कोश विशिष्ट यंत्रापुरताच बांधलेला असतो. सबब विमानात दोन कंपन्यांची यंत्रे असतील तर एकाच आकाशाची वर्गणी दोनदा भरावी लागते. आणखी एक अन्याय असा की, वर्षाला पन्नास तास उडणारा आणि पाचशे तास उडणारा या दोघांनाही बोजा सारखाच पडतो.

तरीही ही सारी पडताळणी म्हणजे निव्वळ नफेखोरीचा बहाणा, असे म्हणण्याची ज्याला घाई झाली असेल त्याने २० डिसेंबर १९९५ ची कोलंबियातील काली शहराजवळची दुर्घटना आठवावी. अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ विमानातील वैमानिकांनी ‘रोझो’ या रेडिओ-स्थानकाकडे जाण्यासाठी नकाशावर दिसणारे ‘आर’ हे अक्षर संगणकाला दिले. परंतु संगणकाच्या कोशात त्या अक्षराने निवडले जाणारे स्थानक दूर बोगोटाजवळचे ‘रोमिओ’ होते. विमान निमूटपणे तिकडे वळले, चूक ध्यानात येईपर्यंत दरीतील वाट सुटली होती, आणि डोंगरावर आदळून १६३ पैकी १५९ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकांच्या हातूनही त्या रात्री प्रमाद घडले होते हे खरे. तथापि नकाशा एक सांगतो आणि कोश दुसरेच समजतो, एवढी विसंगतीसुद्धा किती महागात पडते हे तेथे दिसून आले. काटकसर करायची ती नकाशा आणि कोश एकच सांगतात या विश्वासाला धक्का न लावता, ही पहिली अट होय.

ती अट पाळूनही काटकसरीला पुष्कळ वाव आहे. प्रथम आपली गरज नेमकी ओळखावी. स्वच्छ हवामानात, बाहेर पाहून उडणाऱ्यावर अद्ययावत कोश ठेवण्याची सक्ती अमेरिकन नियम सामान्यतः करीत नाहीत. असा वैमानिक वर्षभराच्या वर्गणीऐवजी लांबच्या प्रवासापूर्वी एखादेच आवर्तन विकत घेऊ शकतो, आणि एरवी निषिद्ध आकाशाच्या सीमा टॅबलेटवरील ताज्या सरकारी नकाशांत पाहू शकतो. ढगांतून केवळ उपकरणांच्या भरवशावर उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्याजवळ चालू मुदतीचा कोश असावा, किंवा कोशाची मुदत संपल्यानंतर ती उतरणीची पद्धत बदललेली नाही याची खातरजमा त्याने केलेली असावी; आणि यंत्राच्या अधिकृत पुस्तिकेत याहून कडक अट असेल तर तीच प्रमाण. ज्या विमानतळावर जमिनीवरून संकेत देणारी आयएलएस यंत्रणा आहे, तेथे ताज्या नकाशाच्या साह्याने तिच्या आधारे उतरण्याचा मार्गही खुला असतो.

दुसरी तजवीज यंत्रे खरेदी करतानाच करावयाची. एकाच कंपनीची यंत्रे घेतल्यास एकत्रित वर्गणीची सवलत मिळू शकते. देशापुरती माहिती पुरेशी असताना साऱ्या खंडाची मागू नये. आणि विमान मंडळाच्या सामायिक मालकीचे असेल तर हा खर्च सभासदांत वाटला जातो. नवा कोश यंत्रात भरण्याचे काम वैमानिकाला स्वतः करण्याची मुभा असल्याने तंत्रज्ञाची मजुरीही वाचते. मात्र मित्राच्या कोशाच्या कार्डाची चोरटी नक्कल करण्याची युक्ती त्याज्य समजावी. तो परवान्याचा भंग आहेच, शिवाय अशा नकलेतील चुकीला जबाबदार कोणीच राहत नाही.

व्यक्तीच्या काटकसरीने प्रश्न सुटतो तो अर्धाच. घरी बांधलेल्या विमानांसाठी यंत्रे बनवणारी डायनॉन ही कंपनी अमेरिकेपुरती माहिती आपल्या ग्राहकांना विनामूल्य देते, यावरून निर्मात्याची इच्छा असेल तर सरकारी माहिती यंत्रापर्यंत स्वस्तात पोहोचवता येते हे सिद्धच आहे. प्रमाणित यंत्रांना पडताळणीचा खर्च अधिक येतो हे मान्य करूनही, त्या पडताळणीचे वाजवी मोल आणि ग्राहक दुसरीकडे जाऊच शकत नाही म्हणून आकारलेले मोल, या दोहोंत शासनाने फरक करावयास हवा. उपग्रह जनतेच्या पैशाने आकाशात गेले, उड्डाणपद्धतींची मोजणीही जनतेच्याच पैशाने झाली. तेव्हा प्रमाणित यंत्राला परवाना देतानाच, त्याने सरकारी कोश मान्यताप्राप्त पडताळणीनंतर थेट स्वीकारला पाहिजे, अशी अट एफएएने घालावी. तशी अट लागू होईपर्यंत वैमानिकाने इतर खर्चांना खुशाल कात्री लावावी. परंतु ज्या दिवशी ढगांतून उतरावयाचे आहे, त्या दिवशी उतरणीची माहिती चालू आहे याची खात्री केल्याखेरीज इंजिन सुरू करू नये.