स्क्विड आणि पत्त्यांची लांबण
एकवार आणलेल्या पानाची प्रत दफ्तरी ठेवून पुढील मागणीस तीच हजर करण्याची कारकुनी निमूटपणे बजावणाऱ्या 'स्क्विड' या प्रॉक्सीतील, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेले वैगुण्य मोठे मासलेवाईक आहे. विनंती ज्या ज्या हातांतून आली त्यांचे पत्ते 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या रकान्यात स्वल्पविराम देत ओळीने नोंदलेले असतात. ही परंपरा मागे मागे तपासण्याचा हुकूम असलेला स्क्विड प्रत्येक पत्त्यागणिक स्वतःलाच पुन्हा हाक मारी, आणि कोणा खोडसाळाने बनावट पत्त्यांची अवाढव्य माळ धाडली, की स्मृतीतील राखीव जागा संपून जागीच कोसळे. चोरी काहीच नाही. नुसते कचेरीला टाळे! ६.६ या आवृत्तीपासून ६४ पत्त्यांपुढील तपास थांबविण्यात आला. जुनी आवृत्ती चालविणाऱ्याने ती तपासणीच बंद ठेवावी.