मॅटाडोरला इंजिन पाहिजे

तळोजा एमआयडीसीत गाडी बंद पडली, तर ती चालू करून देणारा माणूस बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावर सापडतो. मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या कडेला टँकर-ट्रेलरच्या रांगा असतात आणि त्यांच्या जिवावर चालणारी गॅरेजं, लेथची दुकानं, वेल्डर, पंप-नोझलवाले. पुढे कळंबोलीला लोखंड बाजार. अशाच एका शेडमध्ये एक मॅटाडोर उभी आहे. दोन बिछाने, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनेल असं सगळं बसवून तिचं फिरतं घर करायचा मालकाचा बेत आहे. सुतारकाम निम्मं उरकलंय. इंजिनाची जागा मात्र रिकामी आहे.

मॅटाडोर ही पुण्याच्या बजाज टेम्पोची गाडी. एन. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये हॅम्बुर्ग-हारबुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून हा उद्योग उभा केला. तीनचाकी टेम्पोनंतर १९६९ मध्ये मॅटाडोर आली. लग्नाचं वऱ्हाड, दूध, वर्तमानपत्रं, शाळेची पोरं, रुग्णवाहिका, सगळ्या कामांना ती जुंपली गेली. तिची जर्मन भावंडं त्याच काळात तिकडे कॅम्पर म्हणून हिंडत होती. गाडीचं वैशिष्ट्य असं, की इंजिन पुढची चाकं फिरवतं. त्यामुळे मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नाही आणि आतली फळी जमिनीजवळ राहते. घर करायला हे सोयीचं. इंजिन बदलायला निघालं, की हीच सोय आडवी येते.

ऐंशीच्या दशकात बजाज टेम्पोने मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्याखाली बनवायला घेतलं. चार सिलिंडर, २३९९ सीसी. मर्सिडीजच्या २४० डी या गाडीत तेच असे आणि तिथे सुरुवातीला त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती. शेडमधल्या मॅटाडोरलाही तेच होतं. गाडी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी घेऊन उभी राहिली आणि ब्लॉक आतून गंजला. हेड उघडल्यावर दोन सिलिंडरांच्या मधोमध चीर दिसली, ती थेट पाण्याच्या वाटेपर्यंत. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करून घाटात जायचा धोका शेडचे मेस्त्री घेणार नव्हते.

मग सल्ल्यांचा पाऊस. गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक ड्रायव्हर एक नवं इंजिन सुचवून जातो. जुन्या मंडळींचा जीव पर्किन्सवर. चेन्नईच्या सिम्पसनने बनवलेली पर्किन्स इंजिनं एके काळी ट्रकांत होती आणि पेट्रोलच्या खर्चाला कंटाळलेले लोक ती परदेशी मोटारींतही घालत. दुसरा म्हणतो, महिंद्राच्या जीपचं घाला. त्यात प्यूजोचं २११२ सीसीचं आणि नंतरचं २५२३ सीसीचं, दोन्ही ओळखीची. तिसरा टाटा ४०७ च्या २९५६ सीसीच्या इंजिनाची शपथ घेतो. मालकाला स्वतःला अलीकडच्या पिकअपचं कॉमन रेल इंजिन हवं होतं. धूर कमी, आवाज कमी, ताकद जवळपास दुप्पट.

मेस्त्रींनी कुणालाच नाही म्हटलं नाही. मोजमापं घ्यायला बसले.

पहिलं माप गिअरबॉक्सच्या तोंडाचं. मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने उचलून आणता येतात. इथे गिअरबॉक्स पुढच्या ॲक्सलशी एकजीव आहे, तो ठेवावाच लागतो. म्हणजे नवं इंजिन त्याच्या बेल हाउसिंगवर बसलं पाहिजे, क्लच प्लेटचे स्प्लाइन इनपुट शाफ्टशी जुळले पाहिजेत आणि फ्लायव्हीलच्या दात्यांत स्टार्टर अडकला पाहिजे. न जुळल्यास मधे अडॅप्टर प्लेट टाकतात. तळोज्यात प्लेट कापून मिळायला वेळ लागत नाही. अवघड असतं ते दोन्ही शाफ्टचा मध्य एका रेषेत आणणं. तिथे डायल गेज लावून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत चूक पकडावी लागते. तेवढी राहून गेली, तरी क्लच थरथरतो आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग खराब होतं.

दुसरं माप गाडीच्या चालीचं. हे काम पाहण्यासारखं होतं. पुढचं एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर, गाडी टॉप गिअरमध्ये. इनपुट शाफ्टवर खडूची रेघ. मोकळं चाक हाताने बरोबर दोन वेळा फिरवायचं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. डिफरन्शियलमुळे एकच चाक मोकळं असताना त्याच्या दोन फेऱ्या म्हणजे ॲक्सलची एक फेरी. आकडा आला पाचच्या आसपास. टायरला खूण करून गाडी पुढे ढकलली, तेव्हा एका फेरीत २.१ मीटर अंतर कापलं गेलं. बाकीचा हिशेब मेस्त्रींनी पुठ्ठ्यावर मांडला. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे चाकाच्या ४७६ फेऱ्या, म्हणजे इंजिनाच्या २३८० च्या आसपास.

पुठ्ठ्यावरच्या त्या एका आकड्याने अर्धे उमेदवार बाद केले. ४०७ चं इंजिन ओढीला जबरदस्त, पण सावकाश फिरणारं. ३००० फेऱ्यांच्या आसपास त्याचा दम संपतो. या गिअरबॉक्सला जोडलं, तर मॅटाडोर ताशी ७५ च्या पुढे जाणं कठीण, आणि तेवढ्या वेगातही इंजिन कायम ओरडत राहणार. ओएम ६१६ ची ओढ २४०० फेऱ्यांना सर्वांत जास्त असते. गाडी चालवायची तिथेच.

ताकदीचा प्रश्न उरला होता. मालकाचं म्हणणं, घरभर सामान घेऊन ६५ अश्वशक्तीत खंडाळ्याचा घाट चढायचा कसा? त्यावर गाडी वजनकाट्यावर न्यायचं ठरलं, आणि वजनकाट्यांना तळोज्यात तोटा नाही. ट्रॉलीला बांधून नेली, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलला. इंजिन, पाणी, बॅटरी, गॅस, माणसं आणि उरलेलं सुतारकाम मिळवून तयार गाडीचं वजन तीन टन धरलं. वीस मीटरला एक मीटर चढ असेल, तर तीन टन ताशी ३० ने वर न्यायला चाकापाशी साधारण २२ अश्वशक्ती लागते. ताशी ६० चा हट्ट धरला, तर वाऱ्याचा विरोध धरून ५० च्या वर. म्हणजे जुनं इंजिन घाट चढेल, फक्त डावी लेन धरून, मागून येणाऱ्यांना वाट देत.

कॉमन रेल इंजिन या हिशेबात सरस ठरतं, पण त्याच्यासोबत ईसीयू, सेन्सर, वायरिंग आणि टाकीतला पंप असा अख्खा संसार आणावा लागतो. त्यातला एक सेन्सर बिघडला, की कोकणातल्या एखाद्या गावात लॅपटॉपवाला शोधत बसायचं. ओएम ६१६ ला डिझेल देणारा पंप पूर्णपणे यांत्रिक आहे. तो खोलणारा माणूस तालुक्याच्या गावी अजून भेटतो. उष्णतेचाही विचार होता. मॅटाडोरमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, झाकणाखाली असतं. जास्त ताकदीचं इंजिन जास्त तापतं, त्याला मोठा रेडिएटर हवा, आणि पुढच्या जाळीमागे जागा आहे तेवढीच आहे.

शेवटची चाळणी कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. याच कलमात किमान दहा परिवहन वाहनं असलेल्या मालकाला राज्य सरकार एक सवलत देऊ शकतं, ती म्हणजे आरटीओच्या मंजुरीविना इंजिन बदलण्याची. तीसुद्धा इंजिन त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं असेल तरच. एका मॅटाडोरच्या मालकाला आधी अर्ज करणं आलं. विंटेज नोंदणीचाही उपयोग नव्हता. २०२१ च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते, आणि तिचा रोजच्या रस्त्यावर वापर चालत नाही.

या सगळ्यातून गाळून उरलं ते पुन्हा ओएम ६१६, भंगारात निघालेल्या एका ट्रॅक्सचं. बजाज टेम्पोने ट्रॅक्सलाही तेच दिलं होतं. पण ट्रॅक्समध्ये ते मागची चाकं फिरवतं. त्यामुळे सम्प, माउंटिंग आणि फ्लायव्हील मॅटाडोरच्या जुन्या इंजिनाशी शेजारी ठेवून ताडून पाहिलं. जिथे फरक दिसला, तिथे जुन्याचे भाग नव्यावर चढवायचे ठरले.

विकणाऱ्याने इंजिन दणक्यात चालू करून दाखवलं. मेस्त्री मान डोलवत राहिले आणि मग ग्लो प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावला. चांगल्या ओएम ६१६ मध्ये २२ ते २४ बार यावा, १५ च्या खाली गेला तर इंजिन खोलायचं आणि सिलिंडरांत तीन बारपेक्षा जास्त फरक नको. आले २१, २२, २१ आणि १९.

"चौथा थोडा बसलाय, साहेब. चालेल. पण भाव तेवढा खाली आणा म्हणावं."

बिलावर इंजिन नंबर, भंगारात काढलेल्या ट्रॅक्सचे कागद आणि पंप-नोझलवाल्याकडे बेंचवर पंपाची तपासणी, या तीन अटींवर बयाणा दिला गेला. मंजुरीचा अर्ज पनवेलच्या आरटीओत जाईल. दरम्यान सुताराला हातातलं काम थांबवायला सांगितलंय. वजनकाट्यावर मागचा भाग जड निघाला होता, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मागे जड झाली, की ओल्या घाटात चाकं जागच्या जागी फिरतात. तेव्हा शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या दाराजवळून उचलून थेट ड्रायव्हरच्या सीटमागे येणार. त्यासाठी एक बिछाना सहा इंच आखूड करावा लागणार आहे आणि त्यावर कोण झोपणार, यावर मालकाच्या घरी अजून एकमत झालेलं नाही.